अभ्रसेन काहीच का बोलत नाही

कळसाडी,
३ नोव्हेंबर २०२५

मीनाबाई,

नमस्कार. कागद बघून नवल वाटेल. फोन मुद्दाम केला नाही. माझा फोन हेमांगी लावून देते आणि बोलणं संपेपर्यंत समोरच उभी राहते. तुमच्याकडे चुनीलालराव स्पीकर चालू करून ओट्यावर बसतात. मला लिहायचं आहे ते तुमच्या मुलीबद्दल, आणि ते तिने किंवा तुमच्या गल्लीने ऐकू नये अशी माझी इच्छा आहे. पत्रं अजून पोचतात, मी पोस्टात विचारून आले.

दिवाळीचं माहेरपण झाल्यावर तुम्ही हेमांगीला सोडायला आलात, शनिवारी मुक्काम केलात, बरं वाटलं. संध्याकाळी सगळे 'मेघगड' बघत होतो. तो ढगांवर तरंगणारा किल्ला, त्या दोन सुना. धाकटी दीपमती, जिच्या हातातल्या दिव्यावर गड तरंगतो, आणि थोरली विद्युल्लता, जिला विजेची भाषा कळते. त्या दिवशी विद्युल्लतेला उत्तरेच्या खिंडीत धुकासुराला अडवायला जाण्याचं बोलावणं आलं. दरबारात ते वाचलं जात होतं आणि तुम्ही मोठ्याने म्हणालात, "असल्या बाया घर मोडतात. दीपमती पाहा, हातातला दिवा खाली ठेवत नाही."

कोणाला कोण आवडावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला विद्युल्लता आवडते. ती कामाची बाई आहे. दीपमती दिवा धरून हुंदके देते, यापलीकडे मी तिला काही करताना पाहिलेलं नाही. पण तुमचं तोंड टीव्हीकडे असलं तरी बोलणं हेमांगीला होतं, हे मला कळलं आणि तिलाही.

तिची तलाठ्याची ऑर्डर आली आहे. (आता त्या पदाला काही लांबलचक नाव दिलंय म्हणतात, लोक तलाठीच म्हणतात.) वर डोंगरात, धडगावच्या पुढची गावं मिळाली आहेत. पाच डिसेंबरपर्यंत हजर व्हायचं, नाही तर यादीतला पुढचा माणूस घेणार. ही पोर माझ्या मिथुनशी लग्न झाल्यावर माझ्या घरात अभ्यास करून परीक्षा पास झाली. मी तिला एकदाही अडवलं नाही. आता ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. कारण उघड आहे. तुम्ही तिला माहेरी बसवून काहीतरी भरवलं आहे.

त्या शनिवारी दरबारात बोलावणं वाचलं गेलं तेव्हा ती रडली. तिला जायचं आहे आणि तुम्ही अडवता आहात. मुलीच्या आईने असं करावं याचं मला आश्चर्य वाटतं. उत्तर पाठवा.

प्रमिला

•

सारंगखेडा,
८ नोव्हेंबर २०२५

प्रमिलाताई,

तुमचं पत्र आलं. पोस्टमन फत्तेसिंगने दारात उभं राहून विचारलं, कोर्टाचं शे का? मी म्हटलं, तसंच समजा.

माझं शिक्षण सातवी. तुमच्यासारखं मुद्द्याला मुद्दा लिहिणं मला जमणार नाही. जसं सुचेल तसं लिहिते.

आमच्या घरात 'मेघगड' बघायचा म्हणजे शिक्षा. हेमांगीचे वडील आणि त्यांचे मित्र फक्त घोडा बघतात. अभ्रसेनाचा तो पंखांचा घोडा आला की सगळे पुढे सरकतात. "हाऊ घोडा नही, पंख लायेल बैल शे! कान तर दखा त्याना." दर वर्षी गावात यात्रेचा घोडेबाजार भरतो, त्यामुळे घोड्याबद्दल आमच्याकडे सगळेच पंडित. तेवढ्या गोंगाटात मी दीपमतीकडे बघत बसते. तुम्ही तिला हुंदके देणारी म्हणा. पण ती हलली तर गड खाली येईल हे तिला माहीत आहे, म्हणून ती हलत नाही. रडत का होईना, उभी राहते. मला ते सोपं वाटत नाही.

हो, मला हेमांगीने जावं असं वाटत नाही. मी लपवत नाही. पण मी तिला काही भरवलं नाही. ती माहेरी आठ दिवस होती, तेव्हा ऑर्डरचं नावसुद्धा काढलं नाही. तुमच्याकडे मुक्कामाला आले तेव्हा ती तिच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेली होती. साड्यांच्या घड्या घालताना मला दिसली.

आता माझी भीती सांगते. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, हे मी मान्य करते. पण परवा शहाद्याच्या लग्नात तुमच्या शेजारच्या गुलाबबाई भेटल्या. चार बायांत मला म्हणतात, "तुन्ही पोर डोंगरमा जाई ऱ्हायनी म्हने? आते मिथुनकडे कोन दखी?" सगळ्या हसल्या. मी पण हसले. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

तुम्ही तिला इतक्या घाईने का पाठवता? ऑर्डर आली त्याच दिवशी तुम्ही तिची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीत, हे नंतर फोनवर तिनेच सांगितलं. ताई, रागावू नका. मला एवढंच सांगा. तुम्ही तिला पाठवताय, की घालवताय?

ती रडली ते मीही पाहिलं. ती दीपमतीकडे बघून रडली. तिला घर सोडायचं नाही.

मीनाबाई

•

कळसाडी,
१३ नोव्हेंबर २०२५

मीनाबाई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कागद फाडावासा वाटला.

उत्तर देते. माझ्या घरातून मी कोणालाही घालवत नाही. बॅग पुसली कारण तिच्यावर धूळ होती. गुलाबबाईचं म्हणाल तर तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तिच्या दारात गेले. म्हटलं, "गुलाबबाई, मिथुनकडे कोण बघणार याची तुला फार काळजी. तो मोठा माणूस आहे, वासरू नाही." ती म्हणाली, "मी तं गंमत करी ऱ्हायनू." म्हटलं, गंमत घरात कर, लग्नात नको. तो विषय संपला.

पाळण्याचं मी कधी बोलले नाही आणि पुढेही बोलणार नाही. डॉक्टरकडे दोघं जाऊन आली आहेत. तो त्यांचा विषय आहे. पाळणा आणि धडगाव यांची गाठ तुम्ही घातलीत, मी नाही.

आता राहिलं ती कोणासाठी रडली ते. तुम्ही म्हणता दीपमतीसाठी, मी म्हणते विद्युल्लतेसाठी. वाद कशाला, म्हणून सरळ तिलाच विचारलं. ती भाकरी थापत होती.

"हेमांगी, मेघगडमध्ये तुला कोण आवडतं?"

"का आई, परीक्षा आहे का?"

"आहे."

"नापास झाले तर?"

"तर पुन्हा बसायचं. बोल."

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "अभ्रसेन."

मी थक्क झाले. अभ्रसेन! विद्युल्लतेचा नवरा. केस खांद्यावर, दंड उघडे, गडाच्या दाराशी उभा. मी बघते आहे तेव्हापासून या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकलेलं नाही. बायकोला बोलावणं येतं, हा उभा. आई बोलते, हा उभा. डोळ्यांत पाणी येतं, मागे बासरी वाजते, की झालं याचं काम. मी म्हटलं, "अगं, तो माणूस आहे की दाराचा अडसर?"

"म्हणून तर," ती म्हणाली आणि पुढचा उंडा घेतला. याचा अर्थ मला लागला नाही. तुम्हाला लागला तर कळवा.

मिथुनलाही विचारलं. शेतात कापसाची वेचणी चालू होती. म्हटलं, तुझ्या बायकोच्या नोकरीबद्दल तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." मुलगा आज्ञाधारक आहे. याचे वडील गेले तेव्हा हा कॉलेजात होता. तेव्हापासून कधी उलटून बोलला नाही. म्हणजे घरातून विरोध नाही. विरोध फक्त तुमचा आहे.

प्रमिला

•

सारंगखेडा,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रमिलाताई,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर मुलीच्या सासरच्या गोष्टीत मी बोलले नसते.

दिवाळीनंतर तुमच्याकडे मुक्कामाला होते त्या रात्री आपण तिघं जेवायला बसलो. हेमांगी वाढत होती. मिथुनराव तिच्यापासून हातभर अंतरावर. ती तुम्हाला म्हणाली, "आई, यांना विचारा ना, वरण वाढू का?" तुम्ही म्हणालात, "मिथुन, वरण?" ते तुम्हाला म्हणाले, "नको." तुम्ही तिला म्हणालात, "नको म्हणतो." मग ती वरणाचं पातेलं घेऊन आत गेली.

मला हसू आलं होतं. दाबलं. कारण आमच्याकडेही तेच होतं. माझ्या सासूबाई होत्या तोवर हेमांगीच्या वडिलांनी त्यांच्यादेखत माझ्याशी एक शब्द बोललेला मला आठवत नाही. आपल्या लोकांत वडीलधाऱ्यांसमोर नवरा बायकोशी बोलत नाही, ते आगाऊपणाचं दिसतं, असंच आपण सगळ्या शिकलो. तुम्ही बी. ए. झालेल्या. सुनेला डोक्यावर पदर घ्यायला लावला नाही, स्कूटर शिकवली, परीक्षेला बसवलं. एवढं सगळं बदललंत, पण हे एक राहून गेलं. तुम्हाला दिसलं नसेल, कारण मधे तुम्हीच बसलेल्या असता.

तुम्ही म्हणाल, खोलीत बोलत असतील. काल फोनवर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, खोलीतही हे म्हणतात, आई म्हणेल तसं. आईंचं मत मला पाठ आहे. यांना मी गेलेली हवी की नको, एवढंच मला कळत नाही. ते कळल्याशिवाय मी कशी जाऊ? आणि कशी राहू?"

म्हणजे मी पण चुकले. ती दीपमतीसाठी रडली नव्हती, दाराशी नुसत्या उभ्या अभ्रसेनाकडे बघून रडली.

अजून एक. तुम्ही 'मेघगड' मधूनच बघायला लागलात, बरोबर? गेल्या वर्षी तुमचा टीव्ही बंद होता. अभ्रसेन काहीच का बोलत नाही, ते पहिल्याच भागात दाखवलंय. तो लहान असताना धुकासुर गडावर चालून येतो. लेकराचा आवाज ऐकून तो माग काढेल, म्हणून राजमाता मुलाचा आवाज काढून आपल्या मुठीत धरते. पोर वाचतं. धुकासुर परत जातो. पण मूठ उघडायची राजमातेला आठवण राहत नाही. मुलगा मोठा होतो, लग्न होतं, आणि तिची मूठ मिटलेलीच.

तुम्हाला टोचून बोलण्यासाठी हे मी रचलं नाही. पहिला भाग बघून घ्या.

मीनाबाई

•

कळसाडी,
२३ नोव्हेंबर २०२५

मीनाबाई,

पहिला भाग बघितला. गुलाबबाईच्या मोबाइलवर. तिच्याशी मी बोलत नव्हते, पण हेमांगीचा किंवा मिथुनचा मोबाइल मागायचा नव्हता. तुम्ही लिहिलंय तसंच आहे. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. आवाज काढून घेताना राजमातेला वेदना होतात. तिचा हात भाजतो. ते दाखवलंय. ते मला योग्य वाटलं.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. मिथुन पोरगेला होता तेव्हा पाटाचा पाणीवाला, दुकानदार, साखर कारखान्याची माणसं, भाऊबंद, सगळ्यांशी मीच बोलले. मी बोलले नसते तर बांध शाबूत राहिले नसते. पण आता कोण चालून येणार आहे? त्यामुळे जे करायचं ते काल करून टाकलं.

काल शनिवार. 'मेघगड'मध्ये विद्युल्लता निघणार होती, गेला आठवडाभर जाहिरातीत तेच दाखवत होते. सात वाजता तिघं बसलो. नाव झळकलं आणि मी उठले. म्हटलं, "मिथुन, ऐक. हेमांगीच्या नोकरीबद्दल माझं एक मत होतं. ते मी मागे घेतलंय. आता या घरात त्याबद्दल माझं काहीही मत नाही. मला विचारू नका, मी सांगणार नाही." दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली जशी काय मला चक्कर येते आहे. मी चपला घातल्या आणि गुलाबबाईकडे गेले.

तिथे भाग बघता येईल असा हिशोब होता. पण ती त्या वेळी भजनं लावते. म्हटलं, "गुलाबबाई, जरा चॅनल बदल." म्हणते, "देवले मधमा सोडू का?" मग मी तिच्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलत भजनं ऐकली. माझ्यासारख्या बाईने विद्युल्लता निघण्याचा भाग सोडून भजनं ऐकावीत, यावरून मी प्रकरण किती गांभीर्याने घेतलं ते समजा.

परत आले तर टीव्ही बंद. मिथुन पलंगावर, हेमांगी खाली चटईवर. हेमांगीचे डोळे लाल होते. मिथुनचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि असं मला आजवर झालेलं नाही. काय बोलले, विचारलं नाही. जेवायला वाढ म्हटलं.

आज दिवसभर दोघं आपापल्या कामात. काही कळत नाही. पाच तारीख जवळ येते आहे.

कालच्या भागात काय झालं ते सविस्तर कळवा. चुनीलालरावांची घोड्यावरची मतं वगळून.

प्रमिला

•

सारंगखेडा,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रमिलाताई,

उशीर झाला. यात्रा तोंडावर आली आहे. नदीकडच्या मोकळ्या जागेत तंबू लागले, राजस्थानकडचे व्यापारी यायला लागले. आमच्या घरात पाहुणे, अंगणात पाहुण्यांचे घोडे. सकाळपासून भाकरी थापते आहे. हे पत्र पिठाच्या हातांनी लिहिते, डाग पडले तर माफ करा.

शनिवारचा भाग सांगते. विद्युल्लता गडाच्या दाराशी आली. हातात वीज, तुम्हाला आवडते तशी लखलखीत. दीपमती दिवा घेऊन मागे. राजमाता सगळ्यांना बाजूला सारून पुढे आली आणि तिने मूठ उघडली. आतून एक पांढरा पक्षी उडाला आणि अभ्रसेनाच्या गळ्यात शिरला. आमच्या घरात पहिल्यांदाच शांतता झाली, घोडा समोर असूनसुद्धा.

मग अभ्रसेन बोलला. इतक्या भागांनंतर पहिला शब्द. तो म्हणाला, "जाऊ नकोस."

ताई, मला हवं तेच तो बोलला. तुमच्याशी पत्रातून मी इतकी भांडले ते याचसाठी. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पण विद्युल्लतेच्या हातातली वीज विझली. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती वळली आणि आत चालायला लागली. तिचा तो चेहरा मला बघवला नाही. हेमांगी लहानपणी शाळेच्या सहलीला जाऊ दिलं नाही की असाच चेहरा करायची. गप्प. मी तेव्हा म्हणायचे, पोर समजूतदार आहे.

आता मला उलटी भीती वाटते आहे. तुम्ही तुमचं मत काढून घेतलंत, मुलाला मोकळं केलंत. आणि मिथुनराव हेच बोलले असले तर? पोरीचे डोळे लाल होते म्हणता. मी तिला फोन केला तर म्हणते, "सगळं ठीक आहे मम्मी, कपडे वाळत घालते आहे." समोर कोणी असलं की ती कपडेच वाळत घालत असते.

मी आता तिला राहा म्हणत नाही. हे तुम्ही तिला सांगायचं असेल तर सांगा. की नकोच सांगायला? आपण दोघींनी खूप सांगितलं. मलाच कळत नाही.

मिथुनराव काय बोलले, कळलं की लगेच लिहा.

मीनाबाई

•

कळसाडी,
४ डिसेंबर २०२५

मीनाबाई,

आज तुमच्याकडे यात्रेची गडबड असेल. पत्र सवडीने वाचा, पण सगळं वाचा.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. वाचून कपाटात ठेवलं. तुम्ही मत बदललंत, हे तिला सांगितलं नाही. संध्याकाळी सात वाजता तिघं टीव्हीपुढे बसलो. उठून जायचं मनात होतं, पण दर शनिवारी भजनं मला झेपणार नाहीत.

सुरुवातीला मागच्या भागातलं दाखवलं. पक्षी उडाला. अभ्रसेन म्हणाला, "जाऊ नकोस." हेमांगी पुटपुटली, "मूर्ख."

मिथुन म्हणाला, "मूर्ख कसा? खरं तेच बोलला ना?"

मीनाबाई, हे तो तिला म्हणाला. माझ्यासमोर. हेमांगीने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे बघत राहिले. तिथे साबणाची जाहिरात चालू होती, मी ती मन लावून पाहिली.

"खरं बोलायला एवढे भाग घालवले," हेमांगी म्हणाली.

"त्याचा आवाज दुसऱ्याच्या मुठीत होता."

"तुमचा कोणाच्या मुठीत होता? गेल्या शनिवारी आई उठून गेल्या, तरी तासभर तुम्ही काय बोललात? 'विचार करून सांगतो.' मी रडले तरी विचारच चालू!"

"मग केला विचार. ऐकायचं का?"

"ऐकतेच आहे. तीन वर्षं ऐकते आहे!"

"तू गेलीस तर मला आवडणार नाही. बस. संध्याकाळी शेतातून आलो आणि तू नसलीस तर मी काय करायचं? आईशी कापसाचा भाव बोलायचा?"

मी तिथेच बसले होते, हे मी नमूद करते.

हेमांगीचा चेहरा उतरला. तुम्ही लिहिलेला तो चेहरा मी डोळ्यांनी पाहिला. हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे जाऊ नको."

"असं कुठे म्हटलं?" मिथुनचा आवाज चढला. या मुलाचा आवाज चढतो हे मला माहीत नव्हतं. "आवडणार नाही म्हटलं. जाऊ नको म्हटलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीव्हीतल्या त्या गड्याला कळत नसेल, मला कळतात. तू परीक्षेचा अभ्यास करायचीस तेव्हा मी रोज बघत होतो. ती ऑर्डर साड्यांखाली ठेवलीस तेही पाहिलं. मला राग आला. वाटलं, हिला माझ्यासमोर ठेवायची भीती वाटते."

"भीती नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला कळतच नव्हतं."

"आता कळलं?"

"कळलं. पण तुम्ही वर येणार का? की तेही आई म्हणतील तसं?"

"येईन. घाटात मला उलट्या होतात, तुला माहीत आहे."

"मग आवळा चघळा आणि या!"

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हे बघा, त्यापेक्षा दर शनिवारी हेमांगीनेच खाली—"

"आई, थांब जरा," मिथुन म्हणाला. "मी तिच्याशी बोलतोय."

मी थांबले.

नंतर ते किती वेळ भांडत होते सांगता येणार नाही. खोली कुठे घ्यायची, म्हसावदकडून जायचं की दुसरीकडून, तिने जीपच्या टपावर बसायचं नाही, त्याने रोज फोन करून डोकं खायचं नाही. तिकडे रेंज नाही, त्यामुळे तो मुद्दा आपोआप निकाली निघाला. माझ्या घरात एवढा आवाज कधी झाला नव्हता. गुलाबबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी बाहेर जाऊन तिला म्हटलं, "काही नाही, नवरा-बायको भांडतात." ती म्हणाली, "तुन्हासमोर?" म्हटलं, हो. माझ्यासमोर.

विद्युल्लतेचं पुढे काय झालं, आमच्यापैकी कोणीही पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर मला सांगू नका. दीपमतीबद्दल मात्र माझं मत थोडं बदललं आहे. एका जागी गप्प उभं राहणं सोपं नसतं, हे तुमचं म्हणणं मला आता पटतं.

आज सकाळी दोघं निघाली. उद्या ती हजर होईल. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, मम्मीला तुम्हीच कळवा, तुम्ही दोघी काय लिहिता ते मला सगळं माहीत आहे." पोस्टमन आमच्याकडे पत्रं तिच्याच हातात देतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाकिटं फोडली नाहीत म्हणाली. फोडायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावरून कळत होतं म्हणे.

शहाद्यापर्यंत नेणारी गाडी दाराशी आली. मिथुनने तिची बॅग ठेवली, मग स्वतःचीही ठेवली. त्याची पिशवी बरीच फुगलेली होती. एका दिवसाचे कपडे त्यात नव्हते. वेचणी अर्धी राहिली आहे, उसाची तोड यायची आहे, आणि हा किती दिवस राहणार हे त्याने सांगितलं नाही. मला विचारायचं होतं. शब्द तोंडात आले होते. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला, हेमांगीला काहीतरी म्हणाला, ती हसली, आणि गाडी उसाच्या पट्ट्यामागे वळली.

मजुरांना मी परस्पर बोलावून घेतलं आहे. ते मला जमतं. मुलगा कधी परत येणार ते मात्र मला माहीत नाही.

प्रमिला